बकुळचे दात आणि माझे अकरा टप्पे

३ जानेवारी १९९४, सोमवार
नात बकुळ, वय सात. काहीही शिकायला तिला इतर मुलांपेक्षा फार वेळ लागतो. झाशीच्या सिव्हिल लाइन्समधले दातांचे डॉक्टर आज म्हणाले की महिन्याभरात ब्रश करायला शिकली नाही, तर बेशुद्ध करून चार दाढा काढाव्या लागतील. घरी येताना निश्चय केला, हे काम माझं. अडतीस वर्षं रेल्वेत गार्ड होतो. मालगाड्या वळणावर आणल्या, ही तर घरची मुलगी.

४ जानेवारी, सकाळी ६
ब्रश करण्याचे अकरा टप्पे पाडून मोरीजवळ तक्ता लावला. पहिला, ब्रश उचलणे. अकरावा, चूळ भरून ब्रश पेल्यात ठेवणे. प्रत्येक टप्प्याला एक शिट्टी.

६.४०
पहिल्या शिट्टीला बकुळनं दोन्ही कान झाकले. ब्रश उचलायला हात उरला नाही. किरकोळ तांत्रिक अडचण.

७ जानेवारी
बकुळच्या शाळेतल्या मॅडम आल्या होत्या. म्हणे, उल्टा चलिए भाईसाहब. दहा टप्पे आपण तिचा हात धरून करायचे, शेवटचा तेवढा तिला एकटीला करू द्यायचा. तो जमला की त्याच्या आधीचा. रोज काम पुरं केल्याचा आनंद तिला मिळतो म्हणे. मी नम्रपणे सांगितलं की झाशीहून ग्वाल्हेरला जाणारी गाडी ग्वाल्हेरहून सुटत नाही. मॅडम चहा संपवून निघाल्या. आमची बायको अनुसूया मात्र म्हणाली की जन्म गाडीच्या शेवटच्या, गार्डाच्या डब्यात गेला, तुम्हाला तरी हे कळायला हवं होतं. दुर्लक्ष केलं.

१२ जानेवारी
प्रगती समाधानकारक. टप्पा एक चालू आहे. मी दिसलो की बकुळ तोंड घट्ट मिटते. एकाग्रता वाढली असावी.

१४ जानेवारी, संक्रांत
तोंड उघडावं म्हणून तिळाचा लाडू दिला. उघडलं. लाडू संपल्यावर मिटलं. दात वाचवायला गूळ चारणारा मास्तर प्रथमच पाहिला, असं अनुसूया म्हणाली.

२० जानेवारी
शिट्टी सापडत नाही. अनुसूयेला विचारलं तर कणीक मळता मळता म्हणाली, हमें क्या मालूम. ती हिंदीत बोलली की विषय संपलेला असतो. टप्पा एक चालू.

२४ जानेवारी, दुपार
झोपेतून लवकर उठलो. मोरीत आजी आणि नात, बकुळच्या हातावर अनुसूयेचा हात, दोघी खिदळतायत. मला पाहून अनुसूयेनं काहीतरी पदराआड केलं. थंडीत पाण्यात खेळू नका, असं बजावलं. शिकवणीच्या काळात असा वेळेचा अपव्यय परवडणारा नाही.

३ फेब्रुवारी
आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. रात्रभर धास्तीनं डोळा लागला नव्हता. त्यांनी बकुळच्या हातात ब्रश दिला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. मी तक्ता समजावून देऊ लागलो. तिसऱ्या टप्प्यावर डॉक्टर म्हणाले, दादाजी, आप ज़रा बाहर बैठिए. बसलो. आतून घासल्याचा आवाज येत होता, बराच वेळ. मग चूळ. मग अनुसूया डोळे पुसत बाहेर आली. दाढा काढायच्या नाहीत, म्हणाली. बकुळ सगळं एकटीनं करते. मला अतोनात आनंद झाला. विचारलं, सगळं म्हणजे अकराही?
अनुसूया म्हणाली, दहा. ब्रश उचलणं तेवढं अजून जमत नाही.
महिनाभर मी तेच शिकवत होतो.