मोंढ्यामागच्या शेडची वाटणी होणार नाही

मी, राधाकिशन सखाराम बोबडे, वय सत्तरीच्या पुढे, धंदा बाजाच्या पेट्या दुरुस्त करणे, मूळ गाव वालूर, हल्ली मुक्काम परभणी, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने व राजीखुशीने लिहून ठेवतो. निजामाच्या अमदानीत चार यत्ता उर्दूत शिकलो, मराठी पुढे दुकानांच्या पाट्या वाचून शिकलो, तरी अक्षराला कोणी हसू नये. माझ्यावर जबरदस्ती नाही. नशापाणी केलेले नाही. मला राग आलेला आहे, हे मात्र खरे. रागात माणूस शुद्धीवर नसतो, असे माझा मुलगा चंद्रभान कोर्टात म्हणेल, म्हणून आधीच लिहितो: राग आहे आणि शुद्धही आहे.

कलम एक. राहते घर, दोन खोल्या, पत्नी पार्वतीबाई हिच्या हयातीपर्यंत तिचे, तिच्यामागे चंद्रभानाचे. "इथं अंगठा दे" असे कोणीही म्हटले तरी तिने देऊ नये. मी हे तिला रोज सांगतो. ती म्हणते, "तुमी मरायच्या आधीच मला भ्या दाखवायलात." तरी लिहून ठेवतो.

कलम दोन. वालूरचे शेत वडिलार्जित आहे. त्यातला माझा हिस्सा चंद्रभानास. भाऊ किशनराव यास माझ्याकडून काही नाही. कारण त्याला माहीत आहे, इतरांनाही कळावे. विद्यापीठाच्या नामांतराचा दंगा झाला त्या साली दलितांच्या वस्त्या जाळल्या, त्यात पंडित साळवे या गायकाचे घर गेले. तो बायको धुरपदाबाई हिला घेऊन माझ्या शेडमध्ये राहायला आला. लगेच किशनराव एसटीने आला आणि उभ्या-उभ्याच म्हणाला, "दादा, त्याला आजच्या आज भाईर काढ, न्हाई तर तुझ्या दारात पाय ठेवणार न्हाई." मी म्हणालो, "नको ठेवू." त्याने नऊ वर्षे शब्द पाळला. त्याबद्दल त्यास शाबासकी देतो, दुसरे काही देत नाही.

कलम तीन. आता ज्यासाठी हा कागद, ती गोष्ट. मोंढ्यामागचे पत्र्याचे शेड माझ्या स्वकष्टाचे आहे. दर गुरुवारी संध्याकाळी तिथे परभणीचे व आसपासचे गाणारे-वाजवणारे बसतात. बोरीचा सनईवाला येतो, सोनपेठच्या भजनी बाया येतात. लग्नात ह्याच माणसांना मांडवाबाहेर बसवतात आणि सगळी पंगत उठल्यावर वाढतात. माझ्या शेडमध्ये ते गादीवर बसतात आणि ऐकणारे सतरंजीवर. दारावर तिकीट असते, जमेल ते वाजवणाऱ्यांत वाटले जाते. सिनेमाचे गाणे चालत नाही. का चालत नाही, असे शहाणे लोक विचारतात. अरे, ते सगळ्या मुलखात चालतेच की! आपल्या कापसाचे, आपल्या कॅनॉलचे, आपल्या जळालेल्या घराचे गाणे दुसऱ्या कोणत्या गावात तिकीट काढून ऐकणार आहेत?

ह्यावर एका कचेरीतून करमणूक कराची माणसे येतात. बाहेरगावच्या ऑर्केस्ट्राला धर्मादाय म्हणून माफी मिळते. करमणूक तेवढी आमचीच खरी ठरते.

आणि चंद्रभान म्हणतो, "बाबा, तिथं व्हिडिओ लावू. एक टीव्ही, एक मशीन. गाणारे म्हंजे रोजची कटकट." मशीनला भूक लागत नाही, हे त्याला फार आवडते.

कलम चार. यंदाच्या गणपतीत जे झाले ते नमूद करतो, कारण पुढची अट त्यावरच उभी आहे. आपल्याकडे रीत अशी की गाणाऱ्यांची पार्टी ठरली म्हणजे आधी सुपारी, म्हणजे ठरलेले पैसे, द्यायची, आणि मंडपात कोणी देणगी दिली की गायकाने गाणे न थांबवता त्यात देणगीदाराचे नाव गुंफायचे. गेल्या साली मंडळाचे अध्यक्ष आबासाहेब यांनी पंडितासमोर टेप ठेवला. आवाज टेपात जातोय म्हणून पंडित असा खुलला की एकेक नाव दोन-दोनदा गायला! यंदा सुपारी आलीच नाही. भोंग्यावर पंडिताचाच आवाज. मी मंडपात गेलो.

"आबासाहेब, पार्टीला का बोलावलं न्हाई?"

"काका, पार्टी गायलीय की. तुमाला ऐकू येईना का?"

सगळा मंडप हसला. ते हसू अजून माझ्या कानात आहे.

दोन दिवसांनी कापसाचा एक व्यापारी मोठी देणगी देऊन, टोपी सारखी करून, नावाची वाट बघत पुढे बसला. भोंग्याने नाव घेतले गेल्या साली देणगी दिलेल्या कंत्राटदाराचे. ह्या दोघांचा कोर्टात दावा चालू आहे. आणि नाव दोनदा घेतले. व्यापाऱ्याने देणगी परत मागितली. आबासाहेब अनवाणी शेडकडे पळत आले. "पंडित, चल लवकर, एवढं एक नाव घे."

आणि पंडित उठला! म्हणे, "देवाचं काम हाय, काका." धुरपदाबाई मात्र दारात आडवी उभी राहिली.

"अध्यक्ष, सुपारी कुठंय?"

"बाई, एका नावाला कशाची सुपारी?"

"मंग त्या टेपालाच सांगा की, नाव बदल म्हणून."

आबासाहेब गेले आणि सुपारी घेऊन आले, पुऱ्या पार्टीची, राहिलेल्या सगळ्या दिवसांची. पुढच्या साली ते नावे नसलेली टेप आणतील, तेवढी अक्कल त्यांना आली आहे.

कलम पाच. म्हणून सदर शेड, आतल्या गाद्या, सतरंज्या व माझी सगळी हत्यारे यांसह, धुरपदाबाई पंडित साळवे हिला मालकी हक्काने देतो. पंडिताला देत नाही. तो गुणी आहे, पण त्याला कोणीही "देवाचं काम" म्हणून उठवील. शेड विकू नये, गहाण ठेवू नये, तिथे व्हिडिओ लावू नये. सुपारीशिवाय कोणी गाऊ-वाजवू नये. टेप करायची तर सुपारी वेगळी. चंद्रभान ऐकायला आला तर त्याने दारावर तिकीट काढावे. वकील म्हणतात, मालकी दिली की अटी कागदावरच राहतात. ह्या विचाराने मला झोप नाही. पण तिच्या तोंडावर माझा वकिलापेक्षा जास्त भरवसा आहे.

कलम सहा. वरचे वाचून दाखवल्यावर धुरपदाबाई म्हणाली, "काका, तुमच्या मातीला तरी फुकट वाजवू द्या." मी नाही म्हणालो. माझ्या मातीला फुकट वाजवले की दुसऱ्याच दिवशी आबासाहेब येतील: काकासाठी वाजवलं, मंग देवासाठी का न्हाई? तेव्हा सुपारी चंद्रभानाने द्यावी. त्याने दिली नाही, तर कोणी सनईला हात लावू नये. मला मुक्याने न्यावे. ही ओळ दोनदा वाचून पाहिली, खोडलेली नाही.

सही: राधाकिशन सखाराम बोबडे

आमच्यासमोर वाचले, आमच्यासमोर सही केली:
१. अब्दुल रहीम शेख, शिंपी, शेडचे शेजारी (सही)
२. चतुराबाई, सोनपेठच्या भजनी मंडळाच्या (डाव्या हाताचा अंगठा)

मुक्काम परभणी, सोमवार, ता. १२ ऑक्टोबर १९८७