दीड तासात भरलेली मोटर

परभणी
९ जानेवारी २०२५

ती. दत्तामामांस,
सुकेशनीचा सविनय जयभीम वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनानं जोडता. मागच्या वेळी माझी बदली परस्पर नांदेडला करून टाकली होती. म्हणून पत्र.

आमची प्रशिक्षण संस्था ऑनलाइन झाली. म्हणजे छत गळतं ते गळतंच, पण वेबसाइट छान आहे. बोअरची मोटर कशी भरायची, म्हणजे तिच्यात तांब्याची तार नव्यानं कशी गुंफायची, याचा कोर्स माझ्याकडं आला. विषय तुम्हीच शिकवलेला, त्यामुळं हरखून गेले. प्राचार्य म्हणाले, कोर्स वेळेत चढवला तर ३१ मार्चला संपणारा माझा करार वाढेल, नाहीतर त्यांच्या हातात काही नाही. त्यांच्या हातात कधीच काही नसतं, चहाचा कप सोडला तर.

शूटिंग झालं एकदाचं. अंगात पांढरा कोट, तोंडाला पावडर. अख्खी मोटर दीड तासात भरली. कशी ते विचारू नका. मामीच्या फोनवर कोर्स पाठवलाय, पण बघायलाच पाहिजे असं काही नाही.

तुमचा राग आणि लोभ दोन्ही राहू द्या, नुसत्या लोभाची मला सवय नाही.

तुमची,
सुकेशनी


ताडकळस
३ फेब्रुवारी

चि. सुकेशनीस,
दत्तरावचे मंगल आशीर्वाद वि. वि.

बघू नका म्हटलेलं मी बघणारच, हे तुला कळायला हवं होतं. तुझ्या मामीचा फोन दोन दिवस माझ्याकडं होता, तिच्या मालिका बुडाल्या, त्याची भरपाई तू कर. आवाज मला येत नाही, त्यामुळं सगळं लक्ष हातांवर.

एकतीस वर्षं मी निदेशक म्हणून पोरांना मोटरी भरायला शिकवलं, पण असली मोटर पाहिली नाही. जमिनीवरचा तारेचा गुंता आपण होऊन उठतो, तुझ्या हातात येतो आणि सरळ होऊन खाचेत शिरतो. मागच्या भिंतीवरचं घड्याळ एकवरून साडेअकराकडं निघालंय. वेळेआधी काम संपवणारे पुष्कळ पाहिले, सुरू करायच्या आधी संपवणारी तू पहिली.

हसून झालं. आता दुसरं. आमच्या गल्लीतल्या सरजाबाईंची सून सविता, तिला मोटरी भरायचं दुकान टाकायचंय. तिनं तुझा कोर्स केला, प्रमाणपत्राला फ्रेम केली आणि शेजाऱ्याची मोटर भरली. बोअरमध्ये सोडली आणि दहा मिनिटांत जळाली. माझ्याकडं आणली तेव्हा तारेवरचं प्लास्टिक जागोजाग खरवडलेलं. इतकी झरझर का ओढली विचारलं, तर म्हणाली की मॅडम तशीच ओढायल्यात, मी धा खेपा बघितलंय. शेजारी आता तिला दारात उभं करत नाही. खाचेचा काठ बोटानं झाकायचा, तार हळू सोडायची, हे शिकताना तुझी बोटं सोलली होती. ते कुठं गेलं? मला लय वाईट वाटलं.

उत्तर लवकर दे, आणि या खेपेला विचारू नका असं लिहू नकोस.

तुझा,
मामा


परभणी
१२ फेब्रुवारी

ती. मामांस,
सविनय जयभीम वि. वि.

मोटर भरायला दिवस लागतो आणि कॅमेरावाला मिळाला होता तीन तासांसाठी. आमचे समन्वयक शिवप्रकाश सर हुशार माणूस. त्यांनी सुचवलं की भरलेली मोटर उकलायची आणि फिल्म उलटी चालवायची. मी नाही म्हणाले. मग त्यांनी प्रेमानं ३१ मार्चची आठवण करून दिली, आणि मी उकलली. उकलताना तार कशीही ओढली तरी कुणाचं काही बिघडत नाही. तेच सविताताईंनी शिकून घेतलं. एवढं मन लावून बघणाऱ्या त्या एकट्याच निघाल्या, आणि त्यांचीच मोटर जळाली. तुमचं पत्र वाचून मी रडले.

प्राचार्यांना लेखी दिलं. बैठक बसली, पोहे आले. कोर्स अकराशे चाळीस जणांनी पूर्ण केला आणि तक्रार एकीचीच, त्यामुळं कोर्स उत्तम ठरला. तरी माझ्या पत्राची दखल घेऊन एक सुधारणा मंजूर झाली. घड्याळ पुसट करायचं.

आता कोर्समध्ये दाखवलेली पद्धत बरोबर आहे, अशी विषयतज्ज्ञ म्हणून २८ तारखेपर्यंत मी सही करायची आहे. नाही केली तर पाच वर्षांची नोकरी गेली. मामा, मला भीती वाटते. काय करू, सांगा.

तुमच्या पत्राची वाट बघणारी,
सुकेशनी


ताडकळस
१८ फेब्रुवारी

चि. सुकेशनीस,
मंगल आशीर्वाद वि. वि.

काय कर ते मी सांगणार नाही. माझं सांगतो. एका वर्षी तपासणी आली तेव्हा आमच्या वर्कशॉपात एकही मोटर नव्हती. वीस पोरांनी प्रत्येकी बारा मोटरी भरल्या, अशी मी सही केली. मोटरी शेवटपर्यंत आल्या नाहीत, पोरं मात्र पास झाली. त्यातला एक आता बाजारात मोठं दुकान चालवतो. मला पाहिलं की वाकून गुरुजी म्हणतो, चहा पाजतो, आणि भरायच्या मोटरी गुपचूप माझ्याकडं पाठवतो. तुझ्या मामीलाही हे ठाऊक नाही. तो चहा मला आजवर गोड लागलेला नाही.

सही केलीस काय, नाही केलीस काय, या घरात तुझं ताट असेल.

तुझा,
मामा


परभणी
२ एप्रिल

ती. मामांस,
सविनय जयभीम वि. वि.

सही केली नाही. शिवप्रकाश सरांनी स्वतः विषयतज्ज्ञ म्हणून केली. त्यांचा विषय वाणिज्य. ३१ तारखेला मला नारळ मिळाला, सोबत शालही. माझा प्रामाणिकपणा संस्थेला कायम आठवेल, असं प्राचार्य भाषणात म्हणाले, आणि ते मला खरं वाटतं.

नोकरी गेल्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला लिहू. पण निरोप घेऊन तडक तुमच्याच गल्लीत सविताताईंकडं आले होते, तुम्हाला तोंड दाखवायचा धीर झाला नाही. काल त्यांच्या ओट्यावर बसून माझ्या शब्दावर शेजाऱ्यानं दिलेली मोटर त्यांच्याच हातानं भरून घेतली. सकाळी बसलो ते दिवेलागणीला उठलो. आज त्यांचा फोन आला, मोटर चालू आहे.

माझ्या जागी राजेश्वर नावाचा माणूस आलाय. दुपारी त्याचाही फोन आला. त्यानं आजवर मोटर उघडलेली नाही, सोमवारपासून त्याला शिकवायचंय, आणि तयारी म्हणून संस्थेनं त्याला माझाच कोर्स बघायला दिलाय. आधी मला राग आला. मग वाटलं, त्याच्यापुढं बसणारी पोरं आपलीच आहेत. रविवारी त्याला तुमच्याकडं घेऊन येते. एका दिवसात जमेल तेवढं शिकवू. त्याच्यावर रागावू नका, त्याचाही करार पुढच्या ३१ मार्चलाच संपतो.

मामीला जयभीम. ताट वाढून ठेवा, दोघं येतोय.

तुमची,
सुकेशनी