तीन दिवसांच्या उपासाची पुढची तारीख

८ जानेवारी १९३८, शनिवार. हिंगोली.
कोर्टातला अर्धा दिवस मोडून आक्काला दवाखान्यात नेलं. ती गेल्या आठवड्यात नरसीहून आली, तेव्हापासून छातीतल्या गाठीबद्दल फक्त सौ.शी बोलत होती. मला सांगताना म्हणाली, सुपारीएवढी आहे. डॉक्टर म्हणाले, सुपारी नाही, लिंबू. बहुतेक कॅन्सर. लवकर हैद्राबादला नेऊन काढून घ्या, आणि तोवर चांगलं खाऊ घाला, ऑपरेशनला अंगात ताकद लागते.

उपवासाबद्दल त्यांचं मत विचारलं. माझ्याकडे या विषयावर एक इंग्रजी पुस्तक आहे. लेखक जर्मन. त्याच्या म्हणण्याप्रमाणे उपाशी शरीर आपल्यातलं नको ते आधी खाऊन टाकतं. डॉक्टर म्हणाले, "वकीलसाब, उपाशी ठेवाल तर गाठीच्या आधी बाई वाळेल."

मत नोंदवून ठेवलं. एकच बाजू ऐकून निकाल देणं मला जमत नाही. ऑपरेशनला माझा विरोध नाही. उपवास फक्त सोबतीला.

'लवकर' म्हणजे नेमकं किती, ते विचारायचं राहिलं. आमच्या कोर्टात लवकर म्हणजे पुढचं साल.

९ जानेवारी, रविवार.
आक्काला पुस्तकातला गाठींचा चॅप्टर समजावून सांगितला. शेंगा फोडत ऐकत होती. म्हणाली, "दगडू, उपासानं गाठ जात असती तर मला व्हायलाच नको व्हती."

हा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो. माझ्या आधीचे दोन भाऊ पाळण्यातच गेले. मी तरी जगावा म्हणून माझं नाव दगडोबा ठेवलं आणि आक्कानं माझ्यासाठी सोमवार धरले. तेव्हा ती परकर नेसत होती. ते सोमवार अजून चालू आहेत. मी चव्वेचाळीस वर्षांचा झालो, तब्येत ठणठणीत आहे. हा पुरावा उपवासाच्या बाजूनं धरावा की काय, यावर बराच विचार केला. धरू नये. तिच्या उपासाला पद्धत नाही.

शेवटी आक्कानं अट घातली. आधी मी तीन दिवस नुसत्या पाण्यावर राहून दाखवायचं. मग ती राहील. मग हैद्राबाद. तोवर हैद्राबादचं नाव काढायचं नाही.

अट वाजवी आहे. जो प्रयोग आपण स्वतःवर केला नाही तो दुसऱ्यावर करणं अप्रामाणिकपणा. मी कबूल झालो तशी आक्का एकदम खुलली. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच. माझ्यावर केवढा विश्वास!

सौ. चुलीपुढून म्हणाली, "अवो, त्या चाकूला भ्याल्या. अन् तुमी त्यांना पळायला वाट करून देऊन राहिले."
सौ.चं शिक्षण तिसरीपर्यंत.

१० जानेवारी, सोमवार.
सकाळी सात. आरंभ. मन प्रसन्न.
सकाळी दहा. मन ठीक.
दुपारी दोन. कोर्टातून आलो तर पाट मांडलेला. आक्काचा सोमवार, माझाही उपास, म्हणून आक्कानं सौ.ला दोघांपुरती भगर आणि शेंगदाण्याची आमटी करायला सांगितली होती. पुस्तक पुन्हा पाहिलं. भगरीचा उल्लेख कुठेही नाही. लेखक जर्मन, त्याला भगर माहीत नसणार. कायद्यात जिथं मनाई नाही तिथं मुभा असते. दोनदा घेतली.
संध्याकाळी. मुभा असते हे खरं, पण 'नुसतं पाणी' हे शब्द स्पष्ट आहेत. स्वतःशी लबाडी नको. आजचा दिवस बाद. पुढची तारीख गुरुवार.

१४ जानेवारी, शुक्रवार. संक्रांत.
गुरुवार पूर्ण पाण्यावर काढला. आज सकाळी आक्कानं हातावर तिळगूळ ठेवला. थोरल्या बहिणीचा तिळगूळ नाकारणं असभ्यपणा झाला असता. एका तिळगुळानं उपवास मोडतो का? मोडतो. मोडलाच आहे तर गुळाच्या पोळीनं आणखी काय मोडणार, हा विचार तर्काला धरून आहे. कॉलेजात लॉजिक हा माझा विषय होता.
आक्कानं विचारलं, "मग? तारीख वाढली का, वकील?" आणि हसली. पेशंटचं मन प्रसन्न राहणं फार महत्त्वाचं, असं पुस्तकातही आहे.

३० जानेवारी, रविवार.
मध्यंतरी दोन प्रयत्न. एक सर्दीमुळं, एक पाहुण्यांमुळं अपुरा.
आज सेनगावच्या बाजूला फुलसिंगच्या शेतावर हुरडा. फुलसिंग माझा पक्षकार. त्याच्या तांड्याची जमीन गेली तीन वर्षं कोर्टात आहे. मी जाणार नव्हतो, कारण आज उपवासाचा दुसरा दिवस. पण आक्कानं हट्ट धरला की तिला हुरडा खायचाय आणि माझ्याशिवाय ती बैलगाडीत बसणार नाही. आजारी माणसाला काय नाही म्हणायचं?
गोवऱ्यांवर भाजलेली कणसं फुलसिंगनं हातावर चोळली आणि पहिली मूठ माझ्यापुढं धरली. मी कारण सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, गाठ बाईला अन् उपाशी तुम्ही? मग माझी जमीन सुटावी म्हणून मी कोणाला उपाशी ठेवू?" सगळे हसले. आक्का सगळ्यात जास्त.
हुरडा हे धान्य नव्हे. धान्य व्हायच्या आधीची अवस्था आहे. लसणाच्या चटणीबद्दल मात्र बचाव नाही.

१२ फेब्रुवारी, शनिवार.
स्टेशन रस्त्यावर डॉक्टर भेटले. कधी नेताय, विचारलं. मी म्हटलं, प्रयोग चालू आहे, थोडी मोहलत हवी. ते म्हणाले, "मोहलत कोणाला मागताय?" आणि सायकलवर बसून गेले. उत्तराची वाट पाहिली नाही.
घरी येऊन मनाची कसून तपासणी केली. मी उशीर करतोय का? माझा हेतू शुद्ध आहे. पद्धत शास्त्रीय आहे. उशीर होतोय, पण मी करत नाही.
सौ. म्हणते, गाठ आता लिंबाएवढी राहिली नाही. सौ.ला सगळंच मोठं दिसतं.

२२ फेब्रुवारी, मंगळवार.
रविवारपासून निर्धार. सोमवार पार पडला. आज तिसरा दिवस, आजवरचा उच्चांक. डोकं हलकं. साक्षीदाराचं नाव दोनदा चुकलो, पण फक्त संध्याकाळ काढायची होती.
दिवेलागणीला आक्का ताट घेऊन आली. ज्वारीची गरम भाकरी, हरभऱ्याची भाजी, वर कच्चं तेल. म्हणाली, "एक घास खा. कोनी बघत न्हाई."
खाल्लं. सगळं.
हात धुताना एकेक गोष्ट जुळायला लागली. भगर करायला आक्कानं सांगितलं. तिळगूळ आक्काचा. हुरड्याचा हट्ट आक्काचा. आणि आज ताट. आरोपीविरुद्ध इतकं जुळत असतं तर मी पहिल्याच दिवशी पकडलं असतं. मला सहा आठवडे लागले.
विचारलं, "आक्का, माझा उपास तूच काहून मोडतीस?"
ती ताट घासत बसली. मग खाली बघूनच म्हणाली, "तुझे तीन दिवस झाले तर मला जावं लागंल ना रे. भ्या वाटून राहिलं."
पुस्तकात हा चॅप्टर नाही.

२३ फेब्रुवारी, बुधवार.
हैद्राबादला जायचा निर्णय मी घेतला. सौ.ला सांगायला गेलो तर ट्रंक भरलेली होती. तिलाही आजच सुचावं, हा योगायोग.
कोर्टातल्या तारखा वाढवून मागितल्या. लगेच मिळाल्या.

१३ मार्च, रविवार. हैद्राबाद.
इथं येऊन दोन आठवडे झाले. आक्का फार उतरली होती, म्हणून सर्जननी आधी खाऊ घालायला सांगितलं. दूध, खिचडी, केळी. उपवासाचा विषय कोणी काढला नाही. मीही नाही.
उद्या ऑपरेशन. नर्सनं बजावलं, आता काहीही पोटात जाता कामा नये. म्हणजे शेवटी इथंही उपवासच! सर्जनना हे लक्षात आणून दिलं. ते म्हणाले, क्लोरोफॉर्मनं उलटी होते, म्हणून. कारण काही का असेना.
आक्कानं जवळ बोलावलं. "उद्या हे लोक मला काय काय पाजतील. माझा सोमवार मोडंल. तू धर."
तिचा सोमवार म्हणजे माझ्याच आयुष्यासाठीचा. पण हा मुद्दा काढायची ती वेळ नव्हती. शब्द दिला. जो माणूस तीन दिवसांच्या इतक्या जवळ जाऊन आला, त्याला एक दिवस म्हणजे काय?

१४ मार्च, सोमवार.
सर्जनना अचानक बाहेर जावं लागलं. ऑपरेशन उद्यावर. आक्काला लगेच दूध दिलं. मूळ कामच तहकूब झालं, तेव्हा त्याला जोडलेला माझा उपवासही तहकूब, असा मी अर्थ लावला. दवाखान्यासमोरच्या हॉटेलात बिर्याणी. चांगली होती.

१५ मार्च, मंगळवार.
सकाळी आठला आक्काला आत नेलं. दार लोटायच्या आधी तिनं माझा हात इतका घट्ट धरला की नर्सला सोडवावा लागला.
व्हरांड्यात बसलो. सौ.नं काहीतरी पुढं केलं असावं. आठवत नाही. ऊन एका खांबावरून दुसऱ्या खांबावर गेलं.
संध्याकाळी सर्जन बोलायला थांबले. गाठ काढली. काखेतही गाठी होत्या, त्याही काढल्या. जानेवारीत आणलं असतं तर कदाचित त्या नसत्या. 'कदाचित' हा शब्द मी पुन्हा विचारून घेतला. ते पुन्हा 'कदाचित' म्हणाले. एरवी या शब्दाचा मला फायदा होतो.
पुढं काय, ते कळायला काही महिने जातील.
मग लक्षात आलं की सकाळपासून पोटात पाणीसुद्धा नाही. पहिला पूर्ण, निर्दोष उपवास! आक्का शुद्धीवर येत होती. कानाशी जाऊन सांगितलं, आक्का, धरला बरं का.
तिनं डोळे न उघडता विचारलं, "आज वार कोनचा?"
मी म्हटलं, मंगळवार.
"तो गनपतीचा," म्हणाली, आणि उलटी केली.

४ एप्रिल, सोमवार. हिंगोली.
आक्का घरी आहे. डावा हात अजून वर जात नाही. डॉक्टरांची सक्त ताकीद, सगळे उपास बंद. पुस्तक कपाटात मागच्या रांगेत ठेवलं.
तिचे सोमवार आजपासून मी करणार. आयुष्यभर. शास्त्र नाही, पुस्तक नाही, अट नाही. हे एवढं मी करू शकतो. सकाळी आक्काला तसं सांगितलं.
दुपारी एक. तिला जेवायला वाढलं, मी शेजारी बसलो. तिनं उजव्या हातानं भाकरी मोडली आणि अर्धी माझ्यापुढं सरकवली. मी म्हटलं, आक्का, सोमवार आहे. ती म्हणाली, "तू जगावा म्हनून धरला व्हता ना? मग तूच उपाशी राहून काय उपेग? जेव."
वीस वर्षं वकिली करतोय. निकाल लागला की कळतो. भाकरी उचलली.
सौ.नं वरण वाढलं.