आद्यगुरूंच्या काठीचं वय

प्रिय दादा,

नमस्कार. तुझी पाठ कशी आहे, वहिनीचा खोकला गेला का, बाळाला दात किती आले (नेमका आकडा कळव), हे सगळं मी रीतसर विचारलं असं समज. मी बरी आहे. हे वाक्य शुक्रवारी दुपारी बारापर्यंतच खरं धर.

आमच्या प्रयोगशाळेत जुन्या लाकडाचं, हाडांचं वय काढतात. नमुन्यावर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो, म्हणजे मोजणाऱ्याचा जीव कशात अडकत नाही. गेल्या आठवड्यात माझ्याकडे ४४१७ आला : नखाएवढी लाकडाची ढलपी. यंत्र म्हणालं, झाड तोडून वीसेक वर्षं झाली. एवढं कोवळं लाकूड आमच्याकडे कुणी पाठवत नाही, म्हणून पुन्हा मोजलं. मग पुन्हा. तिन्ही वेळा तेच. तेव्हा नोंदवही उघडली. पाठवणारे : तुझे बाबा, म्हणजे आमचे मामा. वस्तू : आद्यगुरूंची काठी.

मला घाम फुटला (थंड खोलीत). आद्यगुरू कधी झालेच नाहीत, ती रचलेली गोष्ट आहे, असं त्या इतिहासाच्या प्राध्यापकांनी छापल्यापासून मामा पेटलेत. भर सभेत म्हणाले, काठी तपासा, नवी निघाली तर पंथाचं प्रमुखपद सोडतो. आणि आपल्या दोघांखेरीज कुणाला ठाऊक नाही की अठरा वर्षांपूर्वी प्रार्थनागृहात धूळ पुसता पुसता तलवारबाजी झाली, काठी मोडली आणि काचेच्या कपाटात फरशी पुसायचा दांडा गेला. (पॉलिशपेपर तुझा, बुटाचं पॉलिश माझं. दांडा चार सेंटिमीटर आखूड आहे, हे मी तेव्हाही म्हटलं होतं.) तेव्हापासून माणसं त्या दांड्यापुढे वाकतायत. शिंपीणकाकूंची गुडघेदुखी तिथेच गेली. कशानं गेली, हे आमच्या यंत्रात मोजता येत नाही.

म्हणजे आद्यगुरू होऊन गेले की नाही, यावर माझा अहवाल काडीचाही उजेड पाडत नाही. फरशी पुसायचा दांडा होऊन गेला, एवढंच सिद्ध होतं. पण हे त्या प्राध्यापकांना कोण सांगणार?

काल मामांचा फोन आला.

"काय गं, किती निघाली? हजार?"

"मामा, अहवाल शुक्रवारी."

"बरं, आठशे. त्याच्या खाली मी नाही यायचो हां!"

मी पुन्हा शुक्रवारच म्हटलं. मग ते पाचशेवर आले, तीनशेवर आले. भाजी घेतानासुद्धा एवढी घासाघीस करत नाहीत. शेवटी आवाज खाली गेला. "पोरी, ते नव्हतेच असं निघालं, तर एकतीस वर्षं मी कुणाशी बोलत होतो गं?"

दांड्याचं सांगायचं सोडून मी जेवलात का विचारलं.

खोटा आकडा मी लिहिणार नाही. शुक्रवारी बाराला माझी सही होईल. त्याआधी मामांना घरातल्या कुणीतरी सांगायला हवं. मुलगा तू आहेस.

मामींना नमस्कार.

तुझी आतेबहीण

ता. क. मूळ तुकडे तू माळ्यावर लपवले होतेस. तेही मामांना दे. तपासायचे की नाही, ते त्यांचं त्यांना ठरवू दे. मी विचारणार नाही.

ता. क. २. मोडली तेव्हा काठी माझ्या हातात होती, हे वर लिहायचं राहिलं. मामा मला अजून 'घरातली एकटी सरळ पोरगी' म्हणतात. सांगताना तुझ्याकडूनही ते राहिलं तर बरं.