गालावरचा वाघ

प्रिय पेइरू,

जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या पाठीवर लिहिते आहे म्हणून हसू नकोस. कोरी बाजू टाकून द्यायला माझा हात धजत नाही, हे तुला ठाऊकच आहे. चांद्र नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी तू रीतीप्रमाणे माहेरी पिंगतुंगला गेलीस, त्याला आता दोन महिने होतील. इतरांच्या सुना त्याच संध्याकाळी परततात. तुझी बॅग जरा मोठी होती, ते मी दारातच पाहिलं होतं. विचारलं मात्र नाही. पुढच्या आठवड्यात थडगी साफ करायचा सण आहे. तुझ्या सासऱ्यांच्या थडग्यावरचं गवत यंदा तिंगवेई एकटाच काढील. तो बरा आहे. म्हणजे जेवतो, पण ओट्याशी उभ्यानेच, नूडल्सचं पातेलं पुढ्यात ओढून. "अरे, बसून खा माणसासारखा," म्हटलं, तर म्हणाला, "समोर कोणी नसलं की बसून काय करायचं, आई?" मातीच्या पेटीत तू लावलेली कांद्याची पात मी तांदळाच्या धुवणावर जगवली आहे. अजून एकही काडी तोडलेली नाही.

तुला तो दिवस आठवतो का, तू दोन चिठ्ठ्या घेऊन स्वयंपाकघरात आलीस तो? एकीवर चांगह्वाच्या डॉक्टर थूंचं नाव, दुसरीवर ताइचुंगच्या डॉक्टर याओबाईंचं. थू म्हातारे, गोड बोलणारे, भिंतभर बाळांचे फोटो लावलेले. पहिल्या भेटीलाच तिंगवेईला बघून म्हणाले होते, "नवऱ्याला कशाला आणलंत? याचं इथे काय काम?" आपण सगळे हसलो होतो. याओबाईंनी मात्र फोनवरच सांगितलं होतं, की आधी नवऱ्याची तपासणी, एका सकाळचं काम आहे, त्याशिवाय बायकोला सुई टोचणार नाही. तू म्हणालीस, "आई, मला ही बाई सरळ वाटते." तुझं मन कुठे होतं, ते मला तेव्हाच कळलं होतं. तरीही तू म्हणालीस, "देवीला विचारा, ती सांगेल तसं करू." माझ्यावर एवढा विश्वास तुझ्या सख्ख्या आईनेही टाकला नसेल.

देवळात जायच्या सकाळीच तुझी पाळी आली. त्या महिन्याचीही आशा गेली होती आणि वर गाभाऱ्यातही जाता येईना. तू बाहेर दगडी कट्ट्यावर बसलीस, चपलेच्या टोकाने मुंग्यांची रांग मोडत. मी एकटीच आत गेले. बाहेर येऊन सांगितलं, की देवीने डॉक्टर थूंना कौल दिला. तू मान हलवलीस, एवढंच.

मग दोन वर्षं गोळ्या, इंजेक्शनं, तारखा. पाळी संपली की मी तुला तो काळा कडू काढा उकळून द्यायची आणि वाटी रिकामी होईपर्यंत समोर उभी राहायची. एकदा तू नाक धरून म्हणालीस, "आई, हा काढा तिंगवेईला पाजा, बघू त्याला काय होतं ते." मी पाठ फिरवून भांडी घासायला लागले. तुला वाटलं, मी रागावले.

वर्षअखेरीच्या जेवणाला तुझ्या आतेसासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "अंडं न देणाऱ्या कोंबडीला लोक सूपमध्ये घालतात, आमच्या वहिनी तिला औषधं पाजताहेत." टेबलावर कोंबडीचंच सूप होतं. तू चमचा खाली ठेवलास आणि माझ्याकडे पाहिलंस. मी मासा वाढत राहिले. पेइरू, त्या घटकेला जे मला बोलता आलं असतं, ते आज लिहिते.

तिंगवेई चौदा वर्षांचा असताना त्याला गालगुंड झालं होतं. आपल्याकडे त्याला डुकराचं डोकं म्हणतात. सगळ्यांनी केलं तेच मी केलं. देवळामागच्या म्हाताऱ्याकडून त्याच्या दोन्ही गालांवर शाईने 'वाघ' हे अक्षर लिहवून आणलं, म्हणजे वाघ डुकराला खाऊन टाकतो. गाल उतरले. मी देवीला फळं वाहिली. पण ताप उतरेना. चौथ्या दिवशी पोरगं लाजून भिंतीकडे तोंड करून पडलं होतं. सूज खाली जांघेत उतरली होती, त्याला पाय जवळ घेता येईनात. तरी मी पुन्हा शाईच लावून आणली. आठव्या दिवशी दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टर माझ्यावर ओरडले, "बाई, याचं पुढे लग्न व्हायचंय, कळतंय का तुम्हाला?" कळलं होतं. घरी येऊन मी कोणाला सांगितलं नाही, तुझ्या सासऱ्यांनासुद्धा नाही. पोरगाही विसरला. त्याला फक्त गालावरचा वाघ आठवतो, अजून हसून सांगत असतो.

त्या दिवशी देवीपुढे मी पहिल्यांदा याओबाईंचं नाव घेतलं. कौलाच्या लाकडी चंद्रकोरी टाकल्या. एक उताणी, एक पालथी, म्हणजे होकार. पुन्हा टाकल्या, होकार. तिसऱ्यांदा टाकल्या, तरीही होकारच. थूंचं नाव मी देवीपुढे घेतलंच नाही. याओबाई तिंगवेईला तपासतील, आणि माझी शाई बाहेर पडेल, एवढंच माझ्या मनात होतं. घरच्या हिशेबात मी कधी चुकले नाही. देवीचा शब्द मात्र बदलून सांगितला, आणि माझ्या लपवण्यापायी तुझी छत्तिसावं-सदतिसावं अशी दोन वर्षं गेली. ती भरून देण्याजोगं माझ्याकडे काही नाही.

गेल्या रविवारी मी तिंगवेईला सगळं सांगितलं. बराच वेळ तो गाल चोळत बसला. मग म्हणाला, "आणि तो काढा ती पीत राहिली." माझ्याशी तीन दिवस बोलला नाही. चौथ्या दिवशी उठून एकटाच ताइचुंगला गेला आणि याओबाईंकडे तपासणी देऊन आला. निकालाचं पाकीट घरात आहे, बंद. तो म्हणतो, पेइरूशिवाय उघडणार नाही, आणि ती आली नाही तर तिच्या पत्त्यावर पाठवीन. आत काय आहे ते मला माहीत नाही. पण याओबाईंनी त्याला सांगितलंय, की निकाल वाईट असला तरी वाट अगदीच बंद होत नाही, फक्त वेळ दवडू नका. हे पत्र तुला बोलावण्यासाठी नाही. दोष तुझा आहे असं समजून तू आणखी एक दिवसही काढू नयेस, म्हणून आहे. आतेसासूबाईंना मी सणाच्या दिवशी थडग्यापाशी, सगळ्यांदेखत सांगणार आहे. डॉक्टर कोणता, यायचं की नाही, आम्हाला तोंड दाखवू द्यायचं की नाही, हे तू ठरव. काल देवळात जाऊन मी देवीची माफी मागितली. चंद्रकोरी समोरच होत्या. पण कौल लावला नाही. जिची परवानगी घ्यायची, ती पिंगतुंगला आहे.

तुझीच, म्हणू दिलंस तर,
आई