एक घर कमी

चेलना,

दुधाचं छोटं पातेलं वापरू नकोस. रविवारी तू माहेरी होतीस, तेव्हा जब्बारमिस्त्रींनी आणि मी त्यात पप्पांच्या फियाटचा टेंपरेचर सेन्सर उकळून पाहिला. पाणी उकळलं की मीटरचा काटा शंभरावर यायला हवा. जुन्या सेन्सरवर तो एक घर पुढे जायचा, म्हणून नवा बसवला. आता काटा अगदी बरोबर दाखवतो.

पप्पांना मात्र मी सांगितलं नाही. न विचारता गाडीला हात लावला म्हणून ओरडले असते. वीस वर्षं ते काटा बघून मनात एक घर कमी धरतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. काल फैजपूरच्या रस्त्याला काटा लालमध्ये गेला, तरी सवयीने त्यांनी एक घर कमी धरलं आणि गाडी दामटली. इंजिन जाम झालं.

मिस्त्रींबरोबर गाडी ओढून आणायला चाललोय. सूर्य उगवून नवकारशीची वेळ झाली, की पप्पांना चहा आणि खाकरा दे, काल संध्याकाळपासून ते जेवलेले नाहीत. गाडीचा विषय काढू नकोस, मम्मीलाही काढू देऊ नकोस.

काल घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "रोनक, मला आता काटासुद्धा नीट दिसत नाही रे. यापुढे गाडी तूच चालव." आणि किल्ली माझ्यापुढे धरली.

मी ती घेतली.

रोनक