आईची कमाई

मंगळवार, संध्याकाळ. लिंबायत.

कॉलेजच्या शिष्यवृत्तीसाठी आज आई-पप्पांसोबत उत्पन्नाचा दाखला काढायला कचेरीत गेले. पप्पांची कापडाच्या लूमवरची मजुरी लिहून झाल्यावर गुजराती कारकुनाने विचारलं, "आणि बेन काय करतात?"

"काही नाही, घरीच असते," पप्पा म्हणाले.

"घरी बसून साड्यांना टिकल्या लावते," आई म्हणाली. "त्याचे पैसे मिळतात. लिहा."

कारकून भला माणूस. त्याने पेन थांबवलं. "बेन, आवक मर्यादेच्या वर गेली तर मुलीची शिष्यवृत्ती जाईल."

"लिहा."

मला आईचा राग आला, खरंच आला. काय अडलं होतं सांगायचं? पण तिचं ते 'लिहा'... असा आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता.

बेरीज मर्यादेच्या आत बसली. पण नसती बसली तर? मी तिच्याशी बोलले असते का?

घरी आल्यावर तिला विचारलंच, "शिष्यवृत्ती गेली असती तर?"

"तर फी मी भरली असती. बारावीपर्यंतची कोणी भरली, विचार तुझ्या पप्पांना."

पप्पांनी खाली बघत मान हलवली. आणि मला हे आजवर माहीतच नव्हतं.